कृष्णाकाठचे परसदार

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे गड, घाट, देवळे आणि नद्यांचे संगम यांची वर्णने वाचावयास मिळावीत, ही वाचकांची अपेक्षा रास्तच असते. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत तर या गोष्टींची मुळीच वानवा नाही. एकीकडे अजिंक्यतारा आणि सज्जनगड, दुसरीकडे सांगलीचे गणपतिमंदिर व हरिपूरचा कृष्णा-वारणासंगम. यांपैकी कशावरही आजवर कोणी लिहिले नाही असे नाही. परंतु घरास जसे पुढचे दार असते तसेच मागचेही असते, आणि प्रदेशाचेही तसेच आहे. पाहुणे पुढच्या दाराने येतात आणि त्याच दाराने परत जातात. घर चालते कसे, हे मात्र परसदारी गेल्यावाचून कळत नाही. माघ सरता सरता एके दिवशी वनभोजनाच्या निमित्ताने आम्ही कृष्णाकाठी गेलो, तेव्हा असेच एक परस आमच्या दृष्टीस पडले. त्याविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. त्या परसातील मुख्य पात्र कोंबडी हे आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

कोंबडीचे नाव काढताच आमच्या काही वाचकभगिनींच्या कपाळास आठी पडेल, हे आम्ही जाणून आहो. आपल्या घरांत या पक्ष्याचा प्रवेश झाला तो बहुतांशी व्याकरणाच्या पोथीतून. ह्रस्व, दीर्घ व प्लुत या तीन मात्रा सांगताना पाणिनीने नेमका उकारच का घेतला, या प्रश्नास शास्त्रीबुवा उत्तर देत की, कोंबड्याच्या आरवण्यात हा उकार एक, दोन व तीन मात्रांनी ओळीने ऐकू येतो. पतंजलीने तर महाभाष्याच्या आरंभीच, गावातील कोंबडा खाऊ नये असे म्हटले की रानातला चालतो असे आपोआप समजते, हा दाखला देऊन नियम आणि त्याचा अर्थ यांची उकल केली आहे. मनुस्मृतीनेही ग्रामकुक्कुट वर्ज्यच ठरविला; मात्र कार्तिकेयाच्या ध्वजावर तोच मिरवतो! सारांश, ज्ञानास चालला, ध्वजास चालला, पण परसात चालला नाही, अशी या प्राण्याची आपल्याकडची स्थिती. भक्ष्याभक्ष्याचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरी सोडवावा. या लेखास त्याच्याशी कर्तव्य नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते निराळेच.

प्रथम सातारच्या बाजूची हकीकत. कासच्या पठाराचे नाव आता सर्वतोमुखी झाले आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली, त्यांत कासचीही गणना आहे. परंतु लोकांची गर्दी तेथे लोटते ती श्रावण-भाद्रपदात, फुलांच्या दिवसांत. माघात त्या पठारावर काळा कातळ आणि वाळलेले पिवळे गवत यांखेरीज काही नसते, म्हणून कोणी फिरकत नाही. आमच्या मते सह्याद्रीचे रान पाहावयाचे ते याच दिवसांत. यवतेश्वराचा घाट चढून गेले की उतारावर पांगारे निष्पर्ण उभे असतात आणि त्यांच्या टोकांस लालभडक फुलांचे पंजे फुटलेले दिसतात. काटेसावरीचा गुलाबी फुलोरा झाडावर जितका, तितकाच खाली पडलेला असतो. पळस नुकता कोठे पेटावयास लागलेला असतो. आंब्याचा मोहोर आणि रात्रीची थोडी उरलेली थंडी यांचा मिळून एक वास पहाटेस येतो. तो दुसऱ्या कोणत्याही महिन्यात येत नाही.

अशा पहाटे घाटमाथ्याच्या झाडीतून एक तुटक, घोगरे आरवणे ऐकू येते. गावातील कोंबड्यासारखे ते लांबत नाही; मध्येच कोणी तोंडावर हात ठेवावा तसे थांबते. हा राखी रानकोंबडा. नराच्या मानेवरील पिसांवर मेणाचे थेंब पडल्यासारखे पिवळट ठिपके असतात. गळाने मासे धरणाऱ्या साहेबलोकांस या पिसांचा मोठा सोस असे. माशांस भुलविण्याच्या कृत्रिम माश्या त्यांपासून बनत, आणि त्यापायी कैक पक्षी मारले गेले. आता कायद्याने त्यास संरक्षण आहे. घरातील कोंबडीचा मुख्य पूर्वज हा नव्हे. तो मान लाल रानकोंबड्याचा. परंतु २००८ साली शास्त्रज्ञांनी एक मौजेची गोष्ट सिद्ध केली. पुष्कळ पाळीव कोंबड्यांची कातडी व पाय पिवळे असतात. तो पिवळेपणा लाल रानकोंबड्याकडून आलेला नसून या राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे. म्हणजे दक्षिणेतील या रानवासी पक्ष्याची एक खूण जगातील परसापरसांत जाऊन पोहोचली आहे. पुढे मळ्यावर आमच्या मुलांनी प्रत्येक कोंबडीचे पाय निरखून पाहिले, ते याच कारणाने.

सातारा आणि सांगली हे जिल्हे आज दोन असले तरी ते एकाच कुटुंबातील वाटण्या होत. १९४९ साली मोठ्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णामाईने मात्र ही वाटणी कधीच मानली नाही. तिच्या खोऱ्यातून आगगाडीने खाली जाणे हा आमच्या मते या भागातील सर्वांत सुखाचा व सर्वांत स्वस्त प्रवास होय. सातारचे स्टेशन गावापासून दूर, माहुलीच्या बाजूस आहे. ही माहुली म्हणजे वेण्णा व कृष्णा यांच्या संगमावरील रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव. तेथून कोरेगाव, रहिमतपूर, मसूर अशी स्टेशने घेत गाडी कऱ्हाडास येते. कऱ्हाडास कोयना व कृष्णा समोरासमोरून येऊन एकमेकींस भेटतात आणि मग दोघी मिळून बाजूस वळतात. पुढे ताकारी आणि किर्लोस्करवाडी. औंध संस्थानच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसविलेल्या याच वाडीतून पुढे ‘किर्लोस्कर’ व ‘स्त्री’ ही मासिके महाराष्ट्रातील घराघरांत जात असत, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

खिडकीतून दोन्ही बाजूंस दिसतो तो ऊस. माघात त्याची तोड जोरात असते. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा फाटकाशी खोळंबलेल्या, कारखान्याच्या धुराड्यातून गोडसर वाफ आकाशात चढलेली, आणि मधूनच एखाद्या कोरडवाहू पट्टीत पिवळा पडलेला शाळू काढणीस आलेला. तासगावच्या बाजूची द्राक्षे आमच्या डब्यात टोपल्यांतून चढली, आणि भिलवडी येईपर्यंत मुलांच्या हाती देठांखेरीज काही उरले नाही.

भिलवडीस आमच्या एका वयोवृद्ध काकूंचे घर आहे. मंडळी होती दोन कुटुंबांची. पाच मुले, आणि सोबत आमच्या आत्याबाई, ज्यांचे सोवळे अद्याप आमच्या आळीत प्रसिद्ध आहे. चहापाणी होऊन औदुंबरास निघावयाचे, तोच काकू स्वयंपाकघरातून एक थर्मास घेऊन आल्या. “जाताच आहात तर एवढे मळ्यावर पोहोचते करा. उन्हात ठेवू नका, आणि संध्याकाळच्या आत द्या,” असे त्यांनी बजावले. आत काय आहे असे विचारता त्या म्हणाल्या, “कोंबड्यांची लस.” कालपासून ती त्यांच्या फ्रिजमध्ये, विरजणाच्या भांड्याशेजारी, एका निराळ्या स्टीलच्या डब्यात ठेवलेली होती. आत्याबाईंनी एकवार थर्मासकडे व एकवार काकूंकडे पाहिले. काकू शांतपणे म्हणाल्या, “औषधाला कसले आले आहे सोवळेओवळे? नातवाचा डोस आणून ठेवतेच ना मी?” यावर आत्याबाई काही बोलल्या नाहीत, पण थर्मास उन्हात राहू नये म्हणून रिक्षात आपल्या पदराखाली त्यांनीच तो धरला.

औदुंबर हे दत्तस्थान आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहेच. नृसिंहसरस्वतींनी येथे एक चातुर्मास केला अशी परंपरा आहे. औदुंबराच्या दाट छायेतले मंदिर, खाली कृष्णेचा दगडी घाट, पलीकडच्या तीरावर भुवनेश्वरीचे देऊळ. या स्थळाची शांती काही निराळीच. मकरसंक्रांतीस भरणाऱ्या साहित्यसंमेलनामुळे लेखक-कवींसही हे गाव जवळचे वाटते. माघात नदी उतरलेली असते. पाणी निवळ, हिरवट आणि इतके संथ की पलीकडचे झाड पाण्यात जसेच्या तसे उलटे उभे राहावे. मुलांस पोहण्याचा मोह होणे साहजिक होते. परंतु कृष्णेच्या या पट्ट्यात मगरींचा वावर आहे आणि माणसे दगावल्याच्या घटनाही घडल्या आहेत. तेव्हा पायरीवर बसून लोट्याने पाणी घेण्यावर स्नान उरकावे लागले.

वनभोजनाचा थाट साधाच होता. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मडक्यातील दही, मेतकूट-भात आणि काकूंनी दिलेले गुळाचे लाडू. जेवणानंतर मुलांनी लगोरी मांडली, मग आट्यापाट्या झाल्या. मोठ्या माणसांनी प्रथम झाडाखाली पंचे अंथरले. पण तासाभराने तीही आट्यापाट्यांच्या पाट्यांवर उभी दिसू लागली. खरी मौज ही की, या खेळास विकत आणावे लागते असे काहीच नाही; चार रेघा ओढण्याइतकी जमीन मिळाली म्हणजे पुरे. शहरातील मुलांस आता तेवढीच मिळेनाशी झाली आहे.

ऊन कलू लागल्यावर आम्ही मळ्याकडे वळलो. मळा अंकलखोपच्या शिवारात. उसाच्या दोन फडांमधून जाणारी पाऊलवाट, पुढे विहीर, चार-सहा नारळ आणि त्यामागे वस्तीची आठ-दहा घरे. घरची आजी अंगणात उभीच होती. “या ताई, या. दमला असशीला. आदी पानी घ्या,” म्हणून तिने स्वागत केले, आणि थर्मास हाती घेऊन तो प्रथम सावलीतल्या रांजणामागे ठेवला. पशुसखी यावयास अवकाश होता. पशुसखी म्हणजे गावातील जनावरांच्या प्राथमिक उपचारांचे शिक्षण घेतलेली बचतगटातील बाई. डॉक्टरांच्या व गावाच्या मधला दुवा म्हणा ना! तिला दुसऱ्या वस्तीवरून यावयाचे होते. तोवर आजीची नित्याची कामे चालू होती, ती आम्ही पाहिली. आणि थोड्याच वेळात मुलांनी ती तिच्या हातून काढूनही घेतली.

कोंबड्यांचे खुराडे गोठ्याच्या भिंतीस लागून, जमिनीपासून हातभर उंचीवर होते. मुंगूस व रानमांजर यांच्या भयाने त्यास बारीक जाळी ठोकलेली. आतील जुनी राख व विष्ठा खरवडून काढावयाची, ती खताच्या उकिरड्यावर टाकावयाची, भेगांतून चुना भरावयाचा आणि नवी कोरडी राख पसरावयाची. भेगांत चुना कशास, असे विचारता आजी म्हणाली की, रक्त पिणारे गोचीड दिवसा तेथे दडून बसतात आणि रात्री कोंबडीस लागतात. उन्हाळा लागण्यापूर्वी ही डागडुजी झालीच पाहिजे. पाण्याचे मातीचे परळ घासून भरावयाचे आणि सावलीत ठेवावयाचे. चाऱ्यासाठी शाळूची कणी, ताटातले उष्टे आणि शिंपल्यांची भरड; शिंपले नसतील तर अंड्याचे कवच पातळ होते. याखेरीज एक युक्ती आम्हांस फार आवडली. मडक्यात ओले गोणपाट व शेण भरून ते वाळवीच्या जागी पालथे घालून ठेवतात. एका रात्रीत मडके वाळवीने भरते, आणि सकाळी ते पिलांपुढे रिते केले की झाले. शेतकऱ्याच्या घराचा शत्रू कोंबडीच्या घरचा फराळ होतो!

गोठ्याच्या कोपऱ्यात डालग्याखाली एक खुडूक कोंबडी बसली होती. “रवणीला बसवलीया, आठ दिस झालं,” आजी म्हणाली. मोठ्या उन्हाळ्यात अंडी नासतात आणि पावसाळ्यात पिले गारठतात. म्हणून थंडी सरताना बसविलेली रवण उत्तम, असा तिचा अनुभव. तिने कोंबडीच्या पोटाखाली अलगद हात घालून एक अंडे काढले आणि अंधाऱ्या खोलीत ते विजेरीच्या तोंडावर धरले. आत तांबड्या रेषांचे जाळे दिसले. मध्ये एक काळा ठिपका, आणि त्याच्याभोवती नदीला ओढे मिळावेत तशा शिरा. मुलांच्या तोंडून शब्द फुटेना. आत्याबाईही दारातून वाकून पाहत होत्या. एकवीस दिवसांत यातून पिलू बाहेर येते, ही गोष्ट सर्वांस पुस्तकातून ठाऊक होती. पण ठाऊक असणे आणि दिसणे यांत किती अंतर असते!

आता हा सारा खटाटोप कशासाठी? देशी कोंबडी वर्षाकाठी साधारण पन्नास ते ऐंशी अंडी देते. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारलेल्या परसातील जाती याहून बऱ्याच अधिक देतात. आणि पिंजऱ्यातील व्यापारी कोंबडी तर तीनशेपर्यंत जाते. हिशेबाने पाहता दहा-बारा देशी कोंबड्यांचा संसार म्हणजे पोरखेळ वाटावा. आजीने त्याचा उलगडा केला तो असा: “उसाचं बिल मालकाच्या खात्यावर येतं, ताई. ते कवा येतं नि कुठं जातं, मला ठावं न्हाई. अंड्याचा पैका मातुर माज्याच हातात येतो. नातीचा एसटीचा पास त्यातनंच काढती मी.” नात पलूसच्या महाविद्यालयात जाते. या एका वाक्यात जे अर्थशास्त्र आहे ते आम्हांस कोठल्याही ग्रंथात इतके स्वच्छ भेटलेले नाही. घराचे उत्पन्न निराळे आणि घरातील बाईच्या हातचे उत्पन्न निराळे. पहिले कितीही मोठे असो, मुलीचे शिक्षण, माहेरचा आहेर, दुखण्यातले औषध ही निघतात ती बहुधा दुसऱ्यातून.

आणि हेच उत्पन्न एका आठवड्यात नाहीसे होऊ शकते. कोंबड्यांच्या एका सांसर्गिक रोगास आपल्याकडे मानमोडी म्हणतात, कारण रोगी कोंबडीची मान पिरगळल्यासारखी वाकडी होते. १९२६ च्या सुमारास जावा बेटात व इंग्लंडातील न्यूकॅसल येथे तो प्रथम नोंदला गेला, आणि लवकरच हिमालयातील राणीखेत येथेही दिसला; म्हणून आपल्याकडे त्यास राणीखेत हे नाव पडले. मुक्तेश्वर येथील संशोधनसंस्थेत १९४० नंतरच्या दशकात त्यावर लस तयार झाली, ती आजही गुणकारी आहे. रोग एकदा शिरला म्हणजे औषध नाही; लस न टोचलेल्या कळपातील बहुतेक पक्षी पाहता पाहता जातात. गेल्या उन्हाळ्यात या वस्तीवरील चार घरांची खुराडी अशीच रिकामी झाली होती. आजीच्या शेजारणीने आम्हांस आपले मोकळे खुराडे दाखविले. त्यात आता सरपण रचून ठेवले होते.

मग लस का टोचून घेत नाहीत, असा प्रश्न शहरातील मनुष्य लगेच विचारील. लस महाग नाही. अडचण निराळीच आहे. लसीची कुपी मिळते ती शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची. ती थंड जागी ठेवावी लागते, आणि एकदा पाण्यात कालविली म्हणजे दोन तासांच्या आत संपवावी लागते, उरलेली फुकट. ज्या बाईकडे बाराच कोंबड्या आहेत तिने काय करावे? तिने एकटीने काहीच करता येत नाही. दहा घरांनी एक दिवस, एक वेळ ठरवावी, कोणी कुपी आणावी, कोणी ती थंड ठेवावी, कोणी टोचावी, तेव्हा कोठे एका घराच्या बारा कोंबड्या वाचतात. रोग एकीच्या परसातून दुसरीच्या परसात कुंपण न विचारता जातो; तेव्हा उपायही कुंपण ओलांडूनच करावा लागतो.

दिवेलागणीस पशुसखी आली. हीच वेळ योग्य, कारण कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरतात आणि मागे धावावे लागत नाही. ती आजीस म्हणाली, “मावशी, आजारी एखादी असंल तर तिला बाजूला ठिवा.” मग तिने घड्याळ पाहिले आणि कुपी कालविली. मोठ्या पक्ष्यास पंखाखालच्या कातडीत सुई, लहान पिलांसाठी दुसऱ्या कुपीतील लस, तिचा डोळ्यात एक थेंब. वस्तीवरच्या बायका डालग्यांतून आपापल्या कोंबड्या घेऊन येत होत्या. आमच्या मंडळींपैकी कोणी विजेरी धरली, कोणी डालगे उचलले. मुलांतील थोरलीने कोंबडीचे दोन्ही पंख एका हाताने मागे कसे धरावेत हे दोन वेळा पाहून घेतले, आणि तिसरी स्वतः धरली. आत्याबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या मनगटावर घड्याळ होते, आणि पशुसखीस वेळ व मोजणी दोन्ही सांभाळणे कठीण जात होते. “मी मोजते,” असे म्हणून त्यांनी पर्समधून पेन्सिल व पंचांगाचा एक कोरा कागद काढला. पाचपाचाच्या रेघा ओढीत त्या दर थोड्या वेळाने मोठ्याने वेळ सांगत होत्या. “पाऊण तास झाला... अजून तुमचा सव्वा तास आहे.” अखेरची कोंबडी टोचली गेली तेव्हा त्यांच्या कागदावर शंभरास सात कमी होते, आणि घड्याळात वीस मिनिटे शिल्लक. ज्या घरांची खुराडी गेल्या वर्षी रिकामी झाली होती, त्यांपैकी दोघींनी नवी पिले आणली होती. तीही या मोजणीत आली.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण ती याच मुलखात घडली. मध्यप्रदेशातील झाबुआ भागातील कडकनाथ ही काळ्या मांसाची कोंबडी अलीकडे फार गाजली. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिच्या नावावर इस्लामपूरच्या एका कंपनीने शेतकऱ्यांकडून रकमा घेऊन पक्षी दिले, आणि अंडी व पक्षी चढ्या भावाने परत विकत घेण्याचे वचन दिले. २०१९ च्या सुमारास हा डोलारा कोसळला. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि इतरही जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबांचे पैसे अडकले, आणि चाऱ्यावाचून पक्षी मेले. दोष कडकनाथाचा नव्हता. दोष होता तो परसातील उद्योगास एकाएकी तेजी-मंदीच्या बाजारात उभे करण्याचा. आजीच्या कोंबड्यांस कोणाचे वचन लागत नाही. त्यांचे गिऱ्हाईक शेजारच्या आळीत असते आणि चारा दाराशी. त्याच वर्षीच्या श्रावणात कृष्णेचा महापूर या गावांत शिरला, २०२१ साली पुन्हा शिरला. खुराडी वाहून गेली. तरीही पाणी ओसरल्यावर जो उद्योग एका खुडूक कोंबडीवर व दहा अंड्यांवर पुन्हा उभा राहतो, तो लहान असला तरी दुबळा नव्हे.

वनभोजनास जाणारी आपली मंडळी हल्ली वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. हुरडा, मळा, नदीकाठ यांची ओढ शहरात राहून अधिकच वाढते. परंतु ज्या मळ्यावर आपण एक दिवस मोकळी हवा खाण्यास जातो, तेथे कोणाचा तरी रोजचा कामाचा दिवस चाललेला असतो. त्याकडे पाठ करून नदीचे छायाचित्र घेणे सोपे आहे. आपला थोडा हात त्या कामास लागला, तर सहलीचे काही बिघडत नाही. आमच्या मुलांस त्या दिवशी सर्वांत अधिक काय आवडले असे विचारले, तेव्हा त्यांनी औदुंबरचा घाट सांगितला नाही की आट्यापाट्या सांगितल्या नाहीत, विजेरीवर धरलेले अंडे सांगितले.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपण या पक्ष्यास आपल्या घरांत शतकानुशतके झाकून ठेवले. पण त्याच्या आधारावर शेजारच्या घरांतील किती मुलींचे दिवस उजाडले, याचा हिशेब आपण कधी केला नाही. तो आता करावयास हरकत नाही. त्यासाठी आपला आहार बदलावा लागत नाही, की देवघर हलवावे लागत नाही. खेड्यात वा तालुक्याच्या गावी ज्यांची घरे आहेत आणि ज्यांच्या घरी फ्रिज आहे, त्यांनी आपल्या भागातील पशुसखीस एवढेच सांगून ठेवावे की, कुपी ठेवावयास आमच्याकडे जागा आहे. भिलवडीच्या काकूंनी ते केव्हाच केले आहे. विरजणाच्या भांड्याशेजारचा तो स्टीलचा डबा आता याच कामासाठी राखून ठेवलेला आहे.